मुंबईहून लंडन किती दूर? अंतर, उड्डाणाची वेळ आणि दोन गावांची घड्याळे

(इयत्ता पाचवी ते सातवी. भूगोल व अंकगणित यांचा समवाय-पाठ)



आपल्या शाळांतून ‘अंतर, वेग आणि काळ’ हे अंकगणिताचे प्रकरण आणि ‘रेखांश व स्थानिक वेळ’ हा भूगोलाचा भाग बहुधा वेगवेगळ्या महिन्यांत व वेगवेगळ्या वह्यांत शिकविला जातो. पहिल्यात एक आगगाडी ताशी साठ किलोमीटर वेगाने एका गावाहून दुसऱ्या गावी धावत असते. दुसऱ्यात पंधरा रेखांशांस एक तास हे सूत्र पाठ करून घेतले जाते. विद्यार्थ्यास दोन्ही येतात. परंतु परदेशातून घरी येणाऱ्या माणसाच्या विमानाच्या वेळा त्याच्यापुढे ठेविल्या, तर माणूस किती तास प्रवास करणार आणि कोणत्या दिवशी दारात उभा राहणार, हे त्यास सांगता येत नाही. मलाही एकदा सांगता आले नव्हते. ती हकीकत यथास्थळी येईल.

रत्नागिरी जिल्ह्यातील आपल्या गावांत आज असे घर विरळा, की ज्यातील कोणी मुंबईस नाही. आखातात गेलेले लोकही पुष्कळ आहेत. यास्तव हा पाठ पुस्तकात नसला तरी वर्गातील मुलांच्या घरात आहे, असे समजून तो घ्यावा.

शिवडीच्या किनाऱ्यावरून आरंभ

नोकरीच्या आरंभीची काही वर्षे मी मुंबईत शिवडी येथे शिकवीत होते. शिवडी हे हार्बर मार्गावरील स्थानक. स्थानकाच्या पूर्वेस थोडे चालून गेले, की गोद्या, वखारी नि तेलाच्या टाक्या ओलांडून खाडी लागते. ओहोटीच्या वेळी तेथे चिखलाचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडतो, कडेस तिवरांची झाडे आहेत, आणि हिवाळा सुरू झाला की त्या चिखलात रोहित पक्षी हजारोंच्या संख्येने चरताना दिसतात. कोणी त्यांस अग्निपंख म्हणतात. मुंबईची मुले मात्र फ्लेमिंगो हेच नाव जाणतात. सुमारे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत त्यांचा मुक्काम असतो. मग ते उडून जातात.

मुलांना घेऊन एकदा त्या धक्क्यावर गेले असता एका मुलाने विचारले, “बाई, हे येतात कुठून आणि त्यांना यायला किती वेळ लागतो?” या साध्या प्रश्नात आजच्या पाठाचे बीज आहे. या पक्ष्यांची मोठी वीण कच्छच्या रणात होते. शिवडीपासून रणापर्यंत सरळ रेषेत अंतर सुमारे सहाशे किलोमीटर. पक्षी ताशी पन्नास ते साठ किलोमीटर वेगाने उडाला, तर दहा-बारा तास, म्हणजे एक रात्र. मुलांनी हा भागाकार तेथेच, धक्क्याच्या कठड्यावर वही ठेवून केला. ज्या पक्ष्याकडे बोट दाखविता येते त्याचे गणित मुले किती तत्परतेने करतात, हे मी त्या दिवशी पाहिले.

‘सरळ रेषेत’ या शब्दांवर मात्र थोडे थांबावे लागते. शिवडीच्या समोर, खाडीपलीकडे, न्हावा शेव्याचा किनारा आहे. स्वच्छ हवेत तो डोळ्यांस दिसतो. पक्षी त्या तीरावर थोड्या वेळात पोचत असे. माणसास मात्र मोटारीने उत्तरेकडे वाशीच्या पुलापर्यंत जाऊन, खाडी ओलांडून पुन्हा दक्षिणेस यावे लागे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा शेवा हा अटल सेतू खुला झाला. त्याची लांबी सुमारे २१.८ किलोमीटर असून त्यापैकी सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रावर आहेत. दोन्ही तीर होते तेथेच आहेत, वाट तेवढी बदलली. दोन ठिकाणांतील अंतर एक आणि त्यांमधील वाटेची लांबी दुसरी, हा भेद मुलांच्या मनावर ठसविण्यास याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. आपल्या गावात खाडी किंवा नदी असेल, तर तरीची वाट आणि पुलाची वाट यांची तुलना करून हाच भेद दाखविता येईल.

दोऱ्याने पृथ्वी मोजणे

पाठास साहित्य अगदी थोडे लागते : शाळेतील पृथ्वीगोल, न ताणणारा बारीक दोरा, फूटपट्टी, आणि भिंतीवरील जगाचा नकाशा. पृथ्वीगोल नसेल तर गोल भोपळ्यावर किंवा मोठ्या चेंडूवर खडूने विषुववृत्त व पाच-सहा शहरे काढून काम भागते. भोपळ्याने उत्तर काटेकोर येणार नाही, पण तत्त्व तेच कळेल.

प्रथम विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबी मोजावी. खरे विषुववृत्त सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. आमच्या शाळेच्या पृथ्वीगोलावर दोरा ६३ सेंटिमीटर भरला. ४०,००० ला ६३ ने भागले असता एका सेंटिमीटरास सुमारे ६३५ किलोमीटर आले. हे प्रमाण शिक्षकाने सांगू नये, मुलांनी काढावे. मग दोऱ्याचे एक टोक मुंबईवर व दुसरे लंडनवर धरून दोरा ताणावा. तो सुमारे ११.४ सेंटिमीटर भरतो, म्हणजे साधारण ७,२०० किलोमीटर. विमानविद्येच्या कोष्टकांत मुंबई-लंडन हे अंतर ७,२०० किलोमीटरांच्या किंचित वर दिलेले असते. सहावीच्या मुलाने दोऱ्याने काढलेले उत्तर कोष्टकाशी इतके जुळलेले पाहून वर्गात जो आनंद होतो, तो शिक्षकाने अनुभवावा. दुबईसाठी दोरा तीन सेंटिमीटर भरतो. अंतर सुमारे १,९३० किलोमीटर.

आता न्यूयॉर्क घ्या. येथे एक गंमत आहे आणि ती घाईने उरकू नये. आधी भिंतीवरील नकाशाजवळ एका मुलास उभे करून मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टीने सरळ रेषा दाखवावयास सांगावे. रेषा अरबस्तान, इजिप्त, सहारा वाळवंट यांवरून जाऊन अटलांटिक महासागर ओलांडते. सर्व वर्ग म्हणेल, विमान याच वाटेने जात असणार. मग पृथ्वीगोलावर त्याच दोन शहरांत दोरा ताणावयास सांगावे. दोरा पश्चिमेस न वळता उत्तरेस चढू लागतो. सौराष्ट्र, कच्छचे रण, सिंध, अफगाणिस्तान, मग रशिया, सेंट पीटर्सबर्गच्या आसपासचा प्रदेश, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचे दक्षिण टोक, आणि तेथून कॅनडावरून तो न्यूयॉर्ककडे उतरतो. मुंबई १९ अक्षांशांवर, न्यूयॉर्क ४१ च्या जवळ, आणि वाट मात्र ६४ अक्षांशांपर्यंत वर जाऊन आली!

पहिल्यांदा मुलांना वाटते, दोरा घसरला. त्यांना तो पुन्हा पुन्हा ताणू द्यावा. नंतर नकाशावरील वाटेने, म्हणजे अरबस्तान, इजिप्त, सहारा अशी गावे क्रमाने गाठीत, दोरा गोलावर ठेवून त्याची लांबी घ्यावी. ती सुमारे २२.४ सेंटिमीटर भरते. उत्तरेकडच्या वाटेने १९.७ पुरतात. पहिले अंतर साधारण १४,२०० किलोमीटर, दुसरे १२,५०० किलोमीटर. सतराशे किलोमीटरांचा फरक म्हणजे विमानाचे जवळजवळ दोन तास झाले. गोल वस्तूची साल सपाट पसरली तर ती कोठेतरी फाटते किंवा ताणली जाते. नकाशा काढणाऱ्याने ती उत्तरेकडे ताणलेली असते, म्हणून नकाशावरची सरळ रेषा पृथ्वीवर वाकडी पडते. मोसंब्याची साल पाटावर दाबून दाखविल्यास अधिक बोलावे लागत नाही. भिंतीवरील नकाशा खोटा आहे असे मात्र मुलांस सांगू नये. तो दिशा आणि देशांच्या सीमा दाखविण्यासाठी आहे; अंतर मोजण्यास गोल घ्यावा, इतकेच.

न्यूयॉर्कच्या वाटेवर प्रथम कच्छचे रण लागते हे आमच्या वर्गातील एका मुलीने दाखविले. शिवडीच्या पक्ष्यांची गोष्ट मी आधी सांगितलेली होती. ती म्हणाली, “म्हणजे अर्ध्या वाटेपर्यंत विमान त्या पक्ष्यांच्याच रस्त्याने जातं.” अर्धी वाट नव्हे, विसावा भागही नव्हे, परंतु मी तिला तेव्हा टोकले नाही. तिने स्वतःच दोरा मोजून आपले वाक्य दुरुस्त केले.

तेच अंतर, कमी होत गेलेला वेळ

इतिहासाचा थोडा भाग येथे जोडावा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाची पिशवी घेऊन ‘पस मॉथ’ या एका इंजिनाच्या लहान विमानातून उड्डाण केले आणि अहमदाबाद येथे इंधन घेऊन ते मुंबईस जुहूच्या धावपट्टीवर उतरले. सकाळी साडेसहाच्या सुमारास निघालेले विमान दुपारी दोनच्या आत पोचले. अहमदाबादेस इंधनाचे डबे बैलगाडीतून आणले होते असे सांगतात. कराची-अहमदाबाद-मुंबई हे अंतर सुमारे १,०३० किलोमीटर. सव्वासात तासांनी भागिले असता, वाटेतील थांबा धरून, ताशी सुमारे १४० किलोमीटर वेग येतो. हे उदाहरण फळ्यावर अवश्य सोडवून घ्यावे.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले. त्याने कैरो आणि जिनीव्हा येथे थांबे घेतले. त्या काळी एका दमात इतके अंतर तोडील एवढे इंधन विमानात मावत नसे. १९६० साली बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि वेग एकदम वाढला. आजचे मोठे विमान दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून ताशी सुमारे साडेआठशे ते नऊशे किलोमीटर वेगाने जाते व मुंबईहून लंडनला न थांबता पोचते.

येथे चलाख विद्यार्थी विचारील, की १,९३० ला ९०० ने भागले तर दुबईस दोन तास दहा मिनिटे पुरावीत; मग तीन तास का लागतात? प्रश्न उत्तम आहे. छापलेली वेळ ही विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर उभे राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणे, उंची गाठणे, शेवटी वेग कमी करीत उतरणे, या सर्वांत अर्ध्या तासाहून अधिक वेळ जातो. एस.टी. स्टँडातून बाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत जसा वेळ जातो, तसेच हे. प्रवास जितका लहान, तितका हा भाग अधिक जाणवतो.

माझी चूक

आता कबुली देते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिचे वडील दुबईस नोकरीला होते. ते गेले त्या रात्री विमान मुंबईहून २१.४० ला निघून दुबईस २३.२५ ला पोचले, हे तिने वहीच्या मागील पानावर लिहून ठेविले होते. दोन वर्षांनी ते सुट्टीवर यावयाचे ठरले, तेव्हा तिकिटाची प्रत तिच्या आईच्या फोनवर आली. ती वेळ तिने कागदावर उतरवून मला दाखविली : दुबईहून १२ तारखेस २२.१५ ला सुटणार, मुंबई ०२.४५. तिने विचारले, “बाई, जाताना बाबांना पावणेदोन तास लागले. मग येताना साडेचार तास का लागणार? घरी येताना विमान हळू चालवतात का?”

त्या दिवशी मला घाई होती. मी म्हणाले, वाऱ्यामुळे असेल. आणि कागदावर १२ तारीख व ०२.४५ हे आकडे पाहून पुढे सांगितले, की १२ ला पहाटे मुंबईस उतरतील, म्हणजे संध्याकाळच्या एस.टी.ने घरी येतील.

दोन्ही उत्तरे चुकीची होती. १२ तारखेस संध्याकाळी ती मुलगी धाकट्या भावाला घेऊन तिठ्यावर शेवटच्या गाडीपर्यंत उभी राहिली. वडील त्या वेळी दुबईतच सामान बांधीत होते. विमान रात्री सुटून मध्यरात्र ओलांडून १३ च्या पहाटे मुंबईस पोचणार होते. मूळ तिकिटावर पोचण्याच्या वेळेपुढे ‘अधिक एक’ अशी बारीक खूण होती. मुलीने ती उतरवून घेतली नव्हती, आणि निघण्याची वेळ रात्री सव्वादहाची आहे हे वाचूनही मला शंका आली नव्हती. वडील दुसऱ्या दिवशी सुखरूप आले. मुलीने मला काहीच म्हटले नाही. पण त्यानंतर काही दिवस तिने मला कोणताही प्रश्न विचारला नाही, हे माझ्या लक्षात राहिले.

हा पाठ मी त्या प्रसंगानंतर तयार केला.

एकाच घड्याळाने मोजा

दुबईचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या दीड तास मागे असते. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची व पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची छापतात. दोन वेगवेगळ्या घड्याळांवरील आकडे एकमेकांतून वजा करणे म्हणजे एक माप शेराचे व दुसरे किलोचे घेऊन वजाबाकी करण्यासारखे आहे. म्हणून नियम एकच सांगावा : आधी दोन्ही वेळा एका घड्याळावर आणा, मग वजा करा. आपल्या शाळेच्या घड्याळावर आणणे मुलांस सर्वांत सोपे जाते.

जाताना : मुंबई २१.४०. दुबईस २३.२५ म्हणजे आपल्याकडे उत्तररात्री ००.५५. प्रवास ३ तास १५ मिनिटे. येताना : दुबई २२.१५ म्हणजे आपल्याकडे २३.४५. मुंबई ०२.४५. प्रवास ३ तास. मुलीच्या हिशेबातील पावणेदोन आणि साडेचार हे दोन्ही आकडे नाहीसे झाले. उरला तो पंधरा मिनिटांचा फरक. तेवढ्यापुरते माझे ‘वाऱ्यामुळे’ हे उत्तर खरे ठरले, पण ते मी वाऱ्याचा विचार करून दिलेले नव्हते.

वर्गात पुठ्ठ्याची दोन घड्याळे करून एकावर ‘आपले गाव’ व दुसऱ्यावर ‘दुबई’ असे लिहावे. एका मुलाने दोन्हींचे काटे बरोबर फिरवावेत. मध्यरात्र ओलांडताना तारीख बदलते, ती फळ्यावर मोठ्याने वाचून बदलावी. हे मुद्दाम सांगते, कारण माझी चूक तेथेच झाली होती.

घड्याळे वेगळी का, हे रेखांशांवरून सांगावे. पण एक सावधगिरी हवी. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशास चार मिनिटे. मुंबई सुमारे ७२° ५०′ पूर्व रेखांशावर आहे व दुबई ५५° १८′ वर. फरक साडेसतरा अंश, म्हणून सूर्याच्या हिशेबाने ७० मिनिटे. घड्याळे मात्र ९० मिनिटांचा फरक दाखवितात. कारण घड्याळ सूर्याचे नसते, देशाचे असते. भारताने मिर्झापूरजवळून जाणारा ८२° ३०′ हा रेखांश घेतला. तेथून आपली प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे झाली. दुबईने चार तास पुढे ही वेळ घेतली. सूत्र पाठ केलेला विद्यार्थी येथे ७० उत्तर देतो व चुकतो; त्यास दोष देऊ नये, त्याने सूर्याचे उत्तर दिले आहे.

मुंबईच्या घड्याळाची गोष्ट यासाठी फार उपयोगी आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, परंतु मुंबई शहराने आपली जुनी ‘मुंबई वेळ’ सोडली नाही. ती सूर्याप्रमाणे ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे. गिरणीच्या घड्याळात प्रमाणवेळ लावली तर कामगारास तितकी मिनिटे अधिक अंधारात घर सोडावे लागे, आणि त्यावरून १९०६ च्या जानेवारीत गिरणीकामगारांनी निषेधही केला. शहरात दोन वेळा १९५५ पर्यंत नांदल्या. परळ-लालबाग-शिवडी भागातील वृद्ध माणसे “रेल्वेचा टाइम की मुंबईचा टाइम?” असे एके काळी विचारले जाई, हे सांगत. म्हणजे दोन घड्याळांचा घोटाळा होण्यास दुबईपर्यंत जावे लागत नव्हते. शिवडीच्या एकाच रस्त्यावर तो होत होता.

ही ३९ मिनिटे मुलांना प्रत्यक्ष दाखविता येतात. शाळेच्या पटांगणात काठी उभी रोवून तिची सावली सर्वांत आखूड केव्हा होते ते पाहावे. आपल्या जिल्ह्यात हा क्षण घड्याळात बारा वाजता येत नाही. एप्रिलच्या मध्यास किंवा सप्टेंबरच्या आरंभी पाहिल्यास तो साडेबारानंतर सहा-सात मिनिटांनी येतो. वर्षातील इतर दिवशी काही मिनिटे पुढेमागे होतात.

वारा

मुंबईहून लंडनला जावयास साधारण साडेनऊ ते दहा तास लागतात आणि लंडनहून येण्यास पावणेनऊ-नऊ. घड्याळांचा फरक काढून टाकल्यानंतरही हा एक तास उरतो. याचे कारण उंचावर, आपल्या उत्तरेकडील अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे. आपल्या मुलांना हे समजावून देण्यास खाडीतली होडी पुरे. ओहोटीबरोबर जाणारी होडी आणि ओहोटीवर चढणारी होडी यांचे वल्हे सारखेच चालते, तरी काठ सारखा मागे पडत नाही.

विमानाचा वेग ताशी ८५० किलोमीटर आणि वारा सरासरी ५० धरावा. जाताना ८०० मिळतात, येताना ९००. ७,२०० ला भागले असता नऊ तास आणि आठ तास. त्यात चढणे, उतरणे व धावपट्टीवरचा वेळ यांचा अर्धा-पाऊण तास मिळविला, की उत्तर वेळापत्रकाच्या अगदी जवळ येते. हे आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत. वारा रोज बदलतो आणि हिवाळ्यात बहुधा अधिक असतो.

दोरा सांगतो ती वाट नेहमी मोकळी नसते

मुंबई-लंडन दोरा पुन्हा एकदा पाहावा. तो बलुचिस्तान, इराणची सीमा, कॅस्पियन समुद्र, काळा समुद्र, युक्रेन व पोलंड यांवरून जातो. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनमध्ये युद्ध भडकले आणि ते आकाश नागरी विमानांस बंद झाले. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपली हवाईहद्द भारतीय विमान कंपन्यांस बंद केली. २०१९ सालीही काही महिने असे झाले होते. अशा वेळी विमाने समुद्रावरून, आखातावरून वळसा घेतात. दोरा तितकाच राहतो, प्रवास लांबतो आणि इंधन अधिक जळते. मुलांनी बंद प्रदेशावर कागदाचे तुकडे चिकटवून त्यांस टाळून दोरा फिरवावा व किती सेंटिमीटर वाढले ते पाहावे. शिवडीहून न्हाव्यास वाशीवरून जाणाऱ्या मोटारीची आठवण त्यांना आपोआप होईल. न झाल्यास करून द्यावी.

सरावासाठी

पाठ दोन तासिकांत बसत नाही; तीन द्याव्यात. सरावासाठी पुढील उदाहरणे घ्यावीत. पृथ्वीगोलावर ६३ सेंटिमीटर विषुववृत्त असताना दोन शहरांमधील दोरा चार सेंटिमीटर भरला, तर अंतर किती? हिवाळ्यात लंडनहून रात्री ९ ला निघालेले विमान नऊ तास उडाले, तर मुंबईच्या घड्याळात किती वाजता व कोणत्या दिवशी पोचेल? (लंडन तेव्हा साडेपाच तास मागे.) हिवाळ्यात मुंबईहून पहाटे २ ला निघून साडेपंधरा तासांनी न्यूयॉर्कला उतरलेल्या माणसास तेथील घड्याळ काय दाखवील? (न्यूयॉर्क तेव्हा साडेदहा तास मागे.) आणि १९५० साली मुंबईच्या वेळेने सकाळी ८ ला भरलेल्या शाळेत, प्रमाणवेळेने किती वाजले होते?

उत्तरे अनुक्रमे : सुमारे २,५४० किलोमीटर, दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३०; त्याच दिवशी सकाळी ७; ८ वाजून ३९ मिनिटे. तिसऱ्या उदाहरणात साडेपंधरा तासांचा प्रवास कागदावर पाच तासांचा दिसतो, यावर मुलांस बोलू द्यावे. हेच दुसरे उदाहरण जुलै महिन्यासाठी पुन्हा घालावे. उन्हाळ्यात लंडनचे लोक आपली घड्याळे एक तास पुढे करतात, एवढेच सांगावे आणि उत्तर मुलांवर सोपवावे.